गुरुवारचं तेल

माझा धाकटा भाऊ आमच्या गल्लीतल्या बारमध्ये एकोणीस वर्षं आचारी होता. घरात त्याला घुम्या म्हणतात, आणि ते काही उगीच नाही. दहा शब्दांचं काम तो दोन शब्दांत उरकतो आणि त्या दोनांचाही त्याला पश्चात्ताप होतो. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. दोघांच्या वाटणीची जीभ हिला एकटीलाच मिळाली, असं नातेवाईक माझ्याबद्दल म्हणतात. म्हणोत बापडे.

बारच्या बरोब्बर समोर माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. घट्ट झालेलं सैल करायचं, लांब असेल ते आखूड करायचं, तुटलेली चेन बदलायची. मागे दोन खोल्या आहेत. माझा नवरा गेल्यापासून त्यात आम्ही दोघं भावंडं राहतो. शिलाईच्या यंत्रावर बसलं की बारचं दार समोर दिसतं. कोण आत जातं, कोण तोंड पुसत बाहेर येतं, कोण पोटावरून हात फिरवतं, सगळं मला माहीत असतं.

तर या बारमध्ये लोक जेवायचे आणि घरी जाऊन फोनवर शेरे लिहायचे. ते शेरे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आचारी तोच, मासा तोच, कढई तीच. एक लिहितो, 'असा मासा जन्मात खाल्ला नाही. बाहेरून कुरकुरीत, आत लुसलुशीत. आचाऱ्याचे हात धरावेत.' दुसरा लिहितो, 'मासा आहे की चपलेचा तळ?' तिसरीला बटाटे इतके आवडले की ती आईला घेऊन पुन्हा आली, आणि पुन्हा आल्यावर लिहिलं, 'आईसमोर नाक कापलं गेलं. बटाट्यांना जळका वास.' पाच तारे, एक तारा, पाच तारे, एक तारा. आमच्या गल्लीत राहणारे दातांचे डॉक्टर तर दर आठवड्याला निबंध लिहायचे. एकदा त्यांनी लिहिलं की इथला आचारी लहरी आहे, मनात असेल तर रांधतो, नसेल तर उरकतो. लहरी! जो माणूस एकोणीस वर्षं एकाच प्रकारचे बूट घालतो, तो लहरी!

मालकाची तऱ्हा निराळी. जुना मालक भला माणूस होता, तो गेला आणि मुलगा गल्ल्यावर बसला. बोलणं तुपासारखं. घुम्याला काका म्हणायचा. चांगले शेरे त्यानं मोठ्या अक्षरांत छापून घेतले, काचेच्या चौकटीत घातले आणि गल्ल्यामागे स्वतःच्या फोटोखाली टांगले. वाईट शेरेही छापले. ते मात्र आत, शेगडीसमोरच्या भिंतीवर चिकटपट्टीनं लावले, म्हणजे मासा तळताना मान वर केली की समोर 'चपलेचा तळ'. वर घुम्याला म्हणाला, "काका, मनाला लावून घेऊ नका हां. सुधारणेसाठी आहे."

कौतुक झालं की बारचं आणि वाईट झालं की आचाऱ्याचं, हा कुठला न्याय? मी भांडायला निघाले होते. घुम्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "जाऊ दे, ताई." हे त्याचे ठरलेले शब्द.

गेल्या उन्हाळ्यात मोठ्या दवाखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य आचाऱ्याची जागा निघाली. दिवसाचं काम, आठवड्याची हक्काची सुट्टी, हाताखाली सहा माणसं. तिथल्या व्यवस्थापक बाई माझ्याकडे कोट घट्ट-सैल करायला यायच्या, त्यांनीच मला सांगितलं. अट एकच होती, येऊन चार पदार्थ करून दाखवायचे. मी त्याचा शर्ट इस्त्री केला, बूट पुसून ठेवले. ठरलेल्या सकाळी हा आंघोळ करून बसला, शर्ट घातला, आणि जागचा हललाच नाही. दहा वाजता शर्ट काढून बारमध्ये गेला. मी त्याला घाबरट म्हटलं, नेभळट म्हटलं, आणखी काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. कँटीनमध्ये दुसराच कुणी लागला. पण तो काही टिकला नाही आणि या महिन्यात बाई पुन्हा म्हणाल्या, "भावाला पाठवा. शनिवारपर्यंत थांबते मी." मी घुम्याला सांगितलं, तर त्यानं मान हलवली. ती हो होती की नाही, देव जाणे.

त्याच आठवड्यात बारच्या स्वयंपाकघराला रंग लावायला घेतला. भिंतीवरचे कागद काढावे लागले. दुसरा कुणी असता तर त्यानं ते चुलीत घातले असते. आमचे बंधुराज ते नीट घडी घालून पिशवीत भरून घरी घेऊन आले! त्रेपन्न कागद होते. मी एकेक वाचत बसले आणि रागानं माझे कान तापले. मग एका कागदावरची तारीख डोळ्यात भरली. त्या तारखेला मी एका नवरीचा झगा देणार होते, म्हणून लक्षात होती. तो मंगळवार होता.

माझ्या दुकानात जुनी कॅलेंडरं टाकत नाहीत. कुणाचं काय कधी द्यायचं ते मी त्यांवरच लिहिते. तीन वर्षांची कॅलेंडरं काढली आणि कागदांवर वार लिहायला लागले. मंगळवार. गुरुवार. बुधवार. गुरुवार. दुसऱ्या दिवशी बारमध्ये जाऊन लिंबूपाणी मागवलं आणि चौकटीतल्या कौतुकाच्या तारखा मापाच्या वहीत उतरवून आणल्या. शुक्रवार, शनिवार, शनिवार, रविवार. एकही मंगळवार नाही.

बुधवारी संध्याकाळी मी कापड कापायच्या टेबलावर सगळे कागद वारांप्रमाणे मांडले आणि घुम्याला बोलावलं. "हे काय आहे?" मी विचारलं.

तो म्हणाला, "तेल."

त्या एका शब्दावर मी थांबले नाही, त्याच्या तोंडून ओढून ओढून सगळं काढलं. तेलाचे डबे मालकाच्या कपाटात कुलुपात असतात. शुक्रवारी सकाळी, शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी, कढईत नवं तेल पडतं. ते पुढच्या गुरुवारपर्यंत. माझ्याकडून हा पातळ कापडाचे तुकडे मागून न्यायचा, भांडी पुसायला नेत असेल असं मला वाटायचं. रोज त्यातून तेल गाळायचा. सोमवारपर्यंत कसंबसं निभायचं. मंगळवारपासून कापड काळं यायचं.

"आणि हे तू एकोणीस वर्षं कुणाला सांगितलं नाहीस?"

"जुन्या मालकाच्या वेळी दिवसाआड बदलायचो. हे सहा वर्षं चाललंय."

"मग सहा वर्षं का नाही सांगितलंस?"

तो कागदांकडे बघत म्हणाला, "मला वाटायचं, हात चांगला असला तर कुठल्याही तेलात निभतं." आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना दारात थांबला. "दुपारी तिकडे जेवायला ये," म्हणाला. एकोणीस वर्षांत असं आमंत्रण पहिलंच. गुरुवार होता. मी दुकानाला कुलूप लावून साडेबाराला जाऊन बसले. सात-आठ टेबलं भरली होती. डॉक्टर खिडकीपाशी त्यांच्या नेहमीच्या जागी, शेजारी आमचा नळवाला. मालक गल्ल्यावर, चौकटीखाली.

स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि घुम्या बाहेर आला. ॲप्रन तसाच, हात पुसत. बाहेर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी त्याला कधी पाहिलेलंच नव्हतं. तो मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "आजचं तेल सात दिवसांचं आहे. मासा, बटाटे, कोंबडी, तळलेलं काहीच मागवू नका. सूप चांगलं आहे. ऑम्लेट लोण्यात करून देतो."

एवढं लांब बोलणं मी त्याच्या तोंडून लहानपणी कविता पाठ म्हणतानाही ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता सगळे उठतील, मालकाला फैलावर घेतील.

मालक हसला. "काका गंमत करतायत. जेवा तुम्ही."

घुम्या आत गेला, पांढऱ्या वाडग्यात कढईतलं तेल घेऊन आला आणि गल्ल्यावर ठेवलं. वाडग्याचा तळ दिसत नव्हता. नळवाल्यानं आपल्या ताटाकडे पाहिलं. "म्हणजे मी आत्ता खाल्लं ते..."

"त्यातलंच," घुम्या म्हणाला.

"अरे मग खाऊन झाल्यावर कशाला सांगतोस!" नळवाला चिडला. मालकावर नव्हे, घुम्यावर!

डॉक्टरांनी रुमालानं ओठ टिपले. "बारा वर्षं येतोय मी इथं. चार घटका शांतपणे जेवायला येतो माणूस. हे तुमचं आतलं भांडण आत मिटवा."

मग मला राहवेना. "डॉक्टर," मी उठून म्हटलं, "किडका दात दिसला की तुम्ही सांगता ना? की पेशंटचा मूड जाईल म्हणून गप्प बसता?"

"तो माझा पेशा आहे, बाई."

"आणि हा त्याचा नाही?"

डॉक्टरांनी सूपही मागवलं नाही, उठलेही नाहीत. कुणीच उठलं नाही. कोपऱ्यातल्या टेबलावरून एकानं घसा खाकरून विचारलं, "आमचा मासा येतोय ना? वाजले किती बघा."

मालकाचं तूप पातळ झालं होतं. "काका, ॲप्रन काढून ठेवा. उद्यापासून येऊ नका."

आता कुणीही ॲप्रन तिथंच भिरकावून चालता झाला असता. हा शहाणा म्हणाला, "तीन ऑर्डरी लागल्यात," आणि आत जाऊन त्या पूर्ण केल्या. त्यांनी मासाच मागितला होता, ऑम्लेट नको म्हणाले. मासा तळला, कापडावर निथळला, ताटं लावली, मग ॲप्रनची घडी घातली. मी दारात उभी राहून बघत होते. मालक लबाड, हे मला ठाऊकच होतं. पण ही खाणारी माणसं? ज्यांच्या पोटासाठी त्यानं स्वतःच्या पोटावर पाय आणला, ती माणसं मान खाली घालून खात होती.

संध्याकाळी मी चष्मा लावून फोन उघडला. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'आचारी टेबलापाशी येऊन तेलावर व्याख्यान देतो. त्याची बहीण अंगावर येते. जेवणाचा विचका. मासा मात्र बरा होता. दोन तारे.'

तरी मी म्हटलं, बरं झालं, पीडा गेली. आता कँटीन. शुक्रवारी सकाळी व्यवस्थापक बाई कोट न्यायला आल्या. मी म्हटलं, "भाऊ उद्या येतो." त्या बटणाशी चाळा करत म्हणाल्या, "मी वाचलं हो कालचं. हात चांगला असेल त्यांचा. पण आमच्याकडे रोज तीनशे माणसं जेवतात. उद्या हे बाहेर येऊन म्हणाले, आजची भाजी शिळी आहे, तर?"

"मग शिळी वाढू नका!" मी म्हटलं.

त्यांचा कोट अर्धा उसवलेला होता, तसाच मी त्यांच्या हातात दिला. एक बाही लांब, एक आखूड. जा म्हटलं, घाला.

शनिवारी सकाळी घुम्या ओट्यापाशी बटाटे सोलत होता. कामाला जायचं नव्हतं तरी उठला नेहमीच्याच वेळी. मी चहा ठेवला आणि माझं तोंड सुरू झालं. मालक, डॉक्टर, नळवाला, कँटीनवाली, एकेकाची हजेरी घेतली. बोलता बोलता त्याच्यावर घसरले. "उन्हाळ्यातच गेला असतास तर आज ही वेळ आली असती का? तेव्हा कुणी अडवलं नव्हतं तुला. चार पदार्थ करायचे होते, चार! पण नाही. त्या भिंतीवरच्या कागदांना घाबरलास तू."

"कागदांना नाही," तो म्हणाला.

"मग कशाला?"

त्यानं हातातला बटाटा पाण्यात सोडला. "तीन वर्षांपूर्वी तुला ताप आला होता. तोंडाला चव नाही म्हणालीस, म्हणून मी दुपारी बारमधनं मासा आणला. तू दोन घास खाल्लेस आणि ताट सारलंस. म्हणालीस, 'घुम्या, तुझा हात गेला रे.'"

मला यातलं काही आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. ताप आठवत होता, मासा नाही.

"लोकांचं काय, लोक काहीही लिहितात," तो म्हणाला. "पण तुला चव कळते. मला वाटलं, ताई म्हणते म्हणजे गेलाच असणार. मग कँटीनमध्ये जाऊन त्यांना काय करून दाखवायचं?"

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, तेवढंच सुचलं. माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि तो मात्र बोलत होता.

"तू कागद मांडलेस ना, त्यानंतर मी तुझ्या कॅलेंडरवर शोधलं. तापामुळे तू सगळे कपडे उशिरा दिले होतेस, तिथं खाडाखोड आहे. मासा आणला तो तापाचा पहिला दिवस, बुधवार होता, ताई. म्हणजे हात नव्हता गेला."

असं म्हणून तो हसला. माझ्यावर रागावला असता तर मी सोसलं असतं. पण त्याला राग आलाच नव्हता, त्याला आनंद झाला होता.