शुक्रवारी लाईट गेल्यावर

भोंगाकाकांना शांतता सहन होत नसे. कुणाच्याही घरी आले की आधी पंखा लावत, मग टीव्ही, आणि मग बोलायला सुरुवात करत. थंडीतही पंखा. "आवाज पायजे काहीतरी. नायतर डोकं खातं," म्हणत. आमच्या इमारतीत त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. आयुष्यभर त्यांनी इलेक्ट्रिक गिटार वाजवली. कॉलेजांची गॅदरिंग, हॉटेलं, पुण्या-मुंबईच्या रॉक स्पर्धा, सगळं करून झालं होतं. ते सरावाला बसले की वरच्या मजल्यावर माझ्या मांडणीतली ताटं थरथरत. मी सोसायटीची सेक्रेटरी. दर महिन्याच्या माझ्या यादीत टँकर, जिन्यातले बल्ब आणि भोंगाकाका हे विषय ठरलेले असत.

मूळचे ते बिडकीनचे. तिथली बोली शेवटपर्यंत सुटली नाही. रॉकच्या मंचावरूनही "लई झालं, आता ऐका" असं म्हणत. पहिल्या मजल्यावरचे जोशी सर म्हणजे निवृत्त गणित शिक्षक. त्यांचं आणि काकांचं कधीच पटलं नाही. सरांनी एकदा पोलीस चौकीत तक्रार दिली. शिपाई आला तेव्हा काकांनी त्याला चहा पाजला आणि जिन्यात सरांना म्हणाले, "सर, तुमच्या गणितानं शहरातली निम्मी पोरं रडली. मी तक्रार केली का?" सर पुढचं वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. काकांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या मते न बोलणारा शेजारी म्हणजे फुकटचा श्रोता.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडाशी खालचा आवाज बंद झाला. मला आधी बरं वाटलं, नंतर काळजी. काका एका दुपारी वर आले आणि पंखा न लावताच बसले.

"ताई, बारीक तार ऐकू येईना," ते म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांच्या कानातून वरच्या पट्टीचे आवाज हळूहळू जात आहेत आणि गेलेले परत येणार नाहीत. कानात लावायचं यंत्र दिलं होतं. त्यातून गिटार पत्र्याच्या डब्यासारखी ऐकू येई. शिवाय कानात शिट्टी होती. "कुकरसारखी सारखी वाजती. फक्त गॅस बंद करता येत नाय." पंख्याचं आणि टीव्हीचं कोडं मला त्या दिवशी सुटलं. शांतता झाली की शिट्टी वाढायची.

आणि आता त्यांना शांतताच हवी होती. साधी लाकडी गिटार, ना वायर ना भोंगा, आणि त्यावर स्वतः बांधलेल्या काही धुना. एवढा एकच अल्बम त्यांना करायचा होता, बारीक तार पुरती जायच्या आत.

"मोठ्यानं वाजवलं की चूक झाकती. लई वर्षं झाकली," ते म्हणाले. "तार सुरात आहे का ते मशीन दाखवतं. पण खरखरली का, ते मला कळत नाय. रेकॉर्डिंगवाली पोरं 'वा काका' म्हणत्यात. तुम्ही तोंडावर सांगता."

मला संगीतातलं काही कळत नाही, हे मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "खरखर कळती ना? बास."

मी कामाला लागले. स्टुडिओच्या बंद खोलीत एकट्यानं बसलं की शिट्टीनं त्यांचा जीव घाबरा होई. खुलताबादला मित्राच्या शेतावर जाऊन पाहिलं, तिथं वारा होता. आमच्या इमारतीत पंप, लिफ्ट, कूलर, कुणाचा तरी मिक्सर. मग लक्षात आलं की दुरुस्तीसाठी शुक्रवारी दुपारी लाईट जाते, तेव्हा ही इमारत इतकी गप्प होते की घड्याळ ऐकू येतं. सगळी हयात लाईट गेली की शिव्या देणारा हा माणूस आता लाइनमनला फोन करून विचारू लागला, "येत्या शुक्रवारी नक्की जाणार ना, भाऊ?"

घरोघरच्या गोधड्या आणून त्यांच्या खोलीच्या भिंतींवर टांगल्या. खिडक्या बंद. बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर. उन्हाळ्यातल्या त्या खोलीत घाम पापणीवरून डोळ्यात उतरे, पण पुसायला हात हलवायची सोय नव्हती. त्यांना हात हलका ठेवणं जमत नसे. मांजराला थोपटावं तशी सुरुवात करत आणि मध्येच जुनी सवय उसळून तारेवर फटका बसे. मग पुन्हा पहिल्यापासून. वाजवताना ते तारांकडे बघत नसत, माझ्या चेहऱ्याकडे बघत. खरखरली की मी बोट वर करायचं. माझं बोट वर गेलं की त्यांचा जबडा आवळला जाई. पंखा नाही, टीव्ही नाही, कानात सतत शिट्टी, आणि समोर मी. असे ते शुक्रवारमागून शुक्रवार बसले.

शेवटची धून उरली तेव्हा बारीक तार त्यांना जवळपास ऐकू येत नव्हती. धुनेचा सगळा भार त्याच तारेवर होता. त्या शुक्रवारी त्यांनी ती पूर्ण वाजवली, आणि त्याच क्षणी गल्लीच्या टोकाला कुणाचा तरी कूलर घरघरला.

"लाईट आली?" त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"आली."

"आत्ताचं कसं झालं?"

"चांगलं झालं. मध्ये एकदा खरखरली."

ते गिटारवर वाकले. "पुढच्या शुक्रवारी मला ही तार असंल का नाय, सांगता येत नाय, ताई."

मी आमच्या पंपाच्या आवाजाची वाट बघत होते. तो आला नाही. लिफ्टही हलली नाही. दार हळूच उघडून मी जिन्यातून खाली पाहिलं. तळमजल्यावर मीटरच्या पेटीसमोर जोशी सर उभे होते. पंप-लिफ्टसकट सगळ्या घरांचे मेन स्विच त्यांनी खाली पाडले होते. पायऱ्यांवर घामेजलेली माणसं वर्तमानपत्रानं वारा घेत बसली होती आणि सर ओठांवर बोट ठेवून प्रत्येकाकडे आळीपाळीनं बघत होते, वर्गात बघावं तसे. मी दिसताच त्यांनी हातानंच खूण केली: चालू द्या.

मी दार लावलं. "वाजवा," म्हटलं.

त्यांनी वाजवलं. या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, डोळे मिटले होते. माझं बोट मांडीवर घट्ट धरलेलं होतं. शेवटचा सूर विरेपर्यंत ते तिथंच राहिलं.

"स्वच्छ?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"स्वच्छ."

खाली गेलो तेव्हा सर स्विच वर करत होते. पाठमोरेच म्हणाले, "इतकी वर्षं हे वाजवायला काय झालं होतं?"

"सर, मी वाजवत होतो की. तुमच्या ओरडण्यात ऐकू आलं नसंल."

अल्बम निघाला. फार लोकांनी ऐकला असं नाही. पुढे बारीक तार गेली ती गेलीच. काका स्पीकरवर तळहात ठेवून ती शेवटची धून लावत आणि मला विचारत, "स्वच्छ?" मी दर वेळी तेच उत्तर देई. मागच्या हिवाळ्यात ते गेले. खोलीत टीव्ही चालू होता.

अजूनही शुक्रवारी लाईट गेली की जोशी सर खाली जाऊन सगळे मेन स्विच पाडतात. व्होल्टेज कमीजास्त होतं, म्हणतात. लाईट आल्यावरही लगेच वर करत नाहीत. काकांच्या घरात आलेली नवी भाडेकरीण परवा घाम पुसत माझ्या दारात आली. "काकू, सगळीकडे आली. आपलीच का नाही?"

"येईल," मी म्हटलं. "थोडं थांब."