फिरत्या नवऱ्याचा पत्ता

सातवी पास मुलगी किती मूर्ख असू शकते हे ज्याला बघायचं असेल, त्याने मला लग्नाच्या वर्षी बघायला हवं होतं. अक्षर वळणदार आणि डोक्यात भुसा. मूल गावी माझ्या माहेरचं घर राइस मिलच्या मागेच होतं, त्यामुळे भुसा म्हणजे काय ते मी चांगलं जाणते.

नवरा मिळाला तो रंगूनचा. म्हणजे माणूस आमच्याकडचाच, झाडीपट्टीतलाच, पण गोदावरीपलीकडच्या एका तेलुगू ठेकेदाराने सिरोंच्याहून त्याला उचललं आणि सागवान मोजायला ब्रह्मदेशात नेलं. तो रजेवर आला, लग्न केलं, आणि हळद नीट उतरायच्या आत बल्लारशाहला जाऊन मद्रासच्या गाडीत बसला. मी राहिले सासरी. 'रंगूनवाली' हे नाव तेवढं पदरात पडलं. ती पोट्टी, म्हणजे तेव्हाची मी, या नावावरच खूश होती. धानाच्या बांधीत चिखलात उभी राहून रोवणं करताना बायका म्हणायच्या, "रंगूनवाले, रोप नीट धर," तरी हिची मान ताठ.

ताठ मान ठेवायला काही कारण असावं लागतं. कारण एकच होतं, की नवरा मला तिकडे बोलावणार होता. बायकोला तिकडे न्यायचं तर व्हिसा लागायचा. अर्ज जिल्ह्याच्या गावी, चांद्याच्या कचेरीत द्यायचा, तिथून तो नागपूरला, नागपूरहून कलकत्त्याला ब्रह्मी वकिलातीत, तिथून रंगूनला. मग रंगूनचा एक माणूस नवऱ्याने दिलेल्या पत्त्यावर जाऊन बघणार, की याच्याकडे बायको ठेवायला जागा आहे की नाही. आहे म्हणाला, की व्हिसा. इतकं सोपं काम होतं. आमच्या घराच्या हाती नसतं तर वर्षात झालं असतं.

आमचं घर म्हणजे माझे सासरे, मामाजी. जंगल खात्याच्या नाक्यावर आयुष्य घालवलेला माणूस. जंगलातून लाकडाची गाडी निघाली की तिच्यासोबत पास हवा. माल कुठून निघाला, कुठे चालला, सगळं त्यावर. गाडीवाल्याने वाटेत बेत बदलला तर पास बदलून आणायचा, नाही तर माल चोरीचा. मामाजी पासावरचं गाव वाचायचे, मग ओंडक्यावरचा हातोड्याचा शिक्का बघायचे, मग गाडीवाल्याचं तोंड. तिन्ही जुळलं तरच नाक्याचा बांबू वर. एकदा त्यांनी स्वतःच्या साडूची गाडी तीन दिवस अडवून ठेवली होती. साडूने पुढे त्यांचं तोंड पाहिलं नाही, आणि मामाजींना त्याचा अभिमान होता. माणसं अभिमान कशाचा धरतील काही सांगता येत नाही.

"माल हालला का कागद हालला पायजे," हे त्यांचं वेदवाक्य. जेवताना, हात धुताना, कोणाच्या मयताला गेले तरी.

आता नवऱ्याचं काम बघा. जंगलाचा एक तुकडा तोडून झाला, की हत्ती, माणसं, भांडी, सगळा कॅम्प उचलून दुसऱ्या तुकड्याकडे. कधी बंडखोर आले म्हणून कॅम्प हलायचा, कधी नदी चढली म्हणून. त्याची पत्रं यायची. पहिली ओळ नेहमी एकच: 'मागील पत्ता रद्द समजावा.' मग नवा पत्ता. मग 'प्रकृतीस जपणे.' संपलं. नव्या नवरीला आलेलं पत्र हे. ती पोट्टी ते उशाखाली ठेवून झोपायची. रद्द पत्त्यांची चळत झाली होती उशाखाली.

पहिल्यांदा असं पत्र आलं तेव्हा आमचा अर्ज जाऊन थोडेच दिवस झाले होते. मामाजींनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला.

"सुनबाई, पत्ता बदलला. कचेरीले कळवा लागते."

"हो मामाजी," मी म्हणाले. म्हणाले म्हणजे काय, आनंदाने म्हणाले. कारण अर्ज लिहायचा होता, आणि घरात तसं लिहिणारी मीच. सासूने पदर खोचून विचारलं, "रोवणं कोण करन? तुहा बाप?" पण मामाजींपुढे तिचं चाललं नाही. मी निळ्या शाईने लिहिलं, 'सविनय विनंती अर्ज ऐसा जे', आणि 'जे'ला अशी शेपटी काढली की मोराने लाजावं. मामाजी आणि मी मोटारीने चांद्याला गेलो, कागद दिला, बाजारात भजी खाल्ली, परत आलो. माझ्या वाटचा चिखल दोन दिवस टळला. माझी हुशारी एवढीच होती, चिखल टाळण्यापुरती.

मग दुसरं पत्र आलं. मग तिसरं. प्रत्येक वेळी आम्ही चांद्याला. तिकडे नवरासुद्धा, बापाचाच लेक, दर वेळी कॅम्पातून रंगूनच्या कचेरीला नवा पत्ता कळवत होता. इकडून आम्ही, तिकडून तो. समुद्राच्या दोन्ही काठांवर एकच खानदान.

गावात लोक काय गप्प बसतात? पाणवठ्यावर बोलणं सुरू झालं, की जो माणूस घडीघडी घर बदलते त्याच्या घरी बाई असते. ब्रह्मी बाया गोऱ्या असतात, चिरूट ओढतात, नवऱ्याला सोडत नाहीत, ही सगळी माहिती अशा बायकांना होती ज्या मूलच्या बाजारापलीकडे गेल्या नव्हत्या. मी त्यावर विश्वास ठेवला. अगदी रडून रडून ठेवला. आता मला हसू येतं. बाई ठेवायलाही माणसाला एक पत्ता लागतो.

पण तेव्हा गोष्ट हसण्यावारी नव्हती. धाकट्या जावेला पोर झालं, मग दुसरं. माझ्या माहेरून निरोप आला, की पोरीला बोलवत नसतील तर आम्ही घेऊन जातो. सासू लोकांसमोर म्हणाली, "न्या बापा, मले का लोणचं घालाचं आहे?" तेव्हा त्या सातवी पास बाईला कळलं, की व्हिसा आला नाही तर रंगूनवालीची टाकलेली होणार आहे. टाकलेल्या बाईचं अक्षर कोणी बघत नाही.

पुढचा पत्ता घेऊन आम्ही चांद्याला गेलो तेव्हा अर्ज घेणारा कारकून आम्हांला दुरूनच ओळखून कपाळाला हात लावून बसला होता. तोंडात पान.

"या बाई," तो म्हणाला. "आता कुठी गेला तुमचा मालक?"

मामाजींनी कागद पुढे केला. त्याने तो घेतलाच नाही.

"बुढेबाबा, तुमाले कोणी सांगतलं हे?"

"नियम आहे," मामाजी म्हणाले.

"कोणता नियम? तुमी पत्ता बदलला का अर्ज नवा धरते थे लोक. मंग रंगूनचा माणूस चौकशीले निघते. थो पोचेपर्यंत तुमचा पोरगा दुसऱ्या जंगलात. तुमी तेवढ्यात नवा कागद धाडून देता. मंग पुन्हा पयल्यापासून. असा तर नातवाच्या लग्नापर्यंत व्हिसा नाई येत."

"मंग खोटं लिहाचं का?"

"मी तसं म्हटलं नाई," कारकून पानाची पिंक टाकून म्हणाला. "मी म्हटलं, तुमाले कोणी इचारलं होतं का?"

कोणी विचारलं नव्हतं. हे वाक्य त्याने थोबाडीत मारावी तसं मारलं आणि बरोबर मारलं. कोणीही विचारलेलं नसताना आम्ही दर थोड्या महिन्यांनी मोटारीचं भाडं खर्चून माझ्या संसाराचं दार बाहेरून लावून येत होतो. आणि कडीला शेपटीवाला 'जे' लटकवत होतो.

त्यातच सरकारलाही आमची बाधा झाली. राज्यांची फेररचना झाली आणि आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. कोणी जागचं हललं नाही. म्हैस त्याच खुंट्याला होती. पण नागपूरला पडलेले कागद मुंबईला जायचे ठरले. मामाजी ओसरीवर बसून गंभीरपणे म्हणाले, "आता आपला बी पत्ता बदलला. कळवा लागन."

त्या दिवशी ती पोट्टी पहिल्यांदा बोलली. आधी कुठे होती जीभ, देव जाणे.

"नाई कळवत, मामाजी."

सासू चुलीपासून उठून दारात आली. असा तमाशा तिला चुकवायचा नव्हता.

"काऊन?" मामाजींनी विचारलं.

"पाच खेपा झाल्या का सहा, मले आठवत नाई. मी माणूस आहो. लाकूड नोहो मी."

"लाकडाले तरी नंबर असते," मामाजी म्हणाले. रागाने नाही, खरंच वाईट वाटून म्हणाले. "बिनाकागदाची गाडी मी कधी सोडली नाई. घरातूनच चोरीचा माल जाऊ देऊ का? उद्या तिथी कोणी पकडलं तुले, मंग? परमुलखात?"

म्हातारा भीत होता. नाक्यावर पकडलेल्यांची तोंडं त्याने जन्मभर बघितली होती, आणि माझं तोंड त्याला त्या रांगेत दिसत होतं. हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त चीड आली, आणि चिडीत माणूस कधी कधी चुकून शहाणं बोलतो.

"मामाजी, जंगलात झाड कुठी पडलं, हे लिलावात कोणी इचारते का?"

"नाई. लिलावात डेपो इचारते."

"चार जंगलांचा माल असला तरी?"

"चाराचा असो का दहाचा. डेपोत लागला का डेपोचा माल."

"मंग यांचा डेपो कोणता?"

 ठेकेदाराचा लाकडाचा मोठा अड्डा रंगूनला नदीकाठी होता. कॅम्प कुठेही असो, ओंडके नदीतून तिथेच जायचे, पगार तिथूनच यायचा, नवऱ्याला लिहिलेली पत्रंसुद्धा आधी तिथे पडून मग जंगलात जायची. त्याचा पत्ता तोच होता. बाकीचं सगळं नुसतं तोडीचं रान.

म्हाताऱ्याने बराच वेळ हा ओंडका उलटापालटा करून शिक्का शोधला. मग म्हणाला, "हे नियमात बसते."

"इतके वर्ष का झोपले होते का मंग?" सासूने चुलीकडे जाता जाता विचारलं. मला म्हणाली की त्यांना, ते तिने स्पष्ट केलं नाही. दोघांनाही लागू होतं. ज्या घरात दिवसरात्र डेपोच्या गोष्टी चालायच्या, त्या घरातल्या सातवी पास सुनेला ही गोष्ट सुचायला इतके पावसाळे लागले, आणि सुचल्यावर तिला वाटलं आपण बॅरिस्टर आहोत. वास्तविक खुंट्यावरच्या म्हशीला विचारलं असतं तर तिनेही सांगितलं असतं. म्हैस रोज कुठेही चरते, पत्ता गोठ्याचाच.

मामाजींनी स्वतः लेकाला लिहिलं, की यापुढे कचेरीत डेपोचाच पत्ता द्यावा, इतर कळवू नये. बापाचा हुकूम म्हणून त्याने ऐकलं. माझं ऐकलं नसतं.

रंगूनचा माणूस एकदाचा डेपोत जाऊन जागा बघून आला, आणि व्हिसा आला. रोवण्याच्या ऐन हंगामात आला, याचं सासूला फार दुःख झालं. मामाजी बल्लारशाहपर्यंत सोडायला आले, आणि गाडी सुटेपर्यंत त्यांनी माझे कागद तीनदा तपासून घेतले. मद्रासला मी बोटीत बसले. रंगूनपर्यंत ओकले. त्याचं वर्णन करत नाही.

रंगूनला डेपो होता, नदी होती, गावाएवढी लाकडाची रास होती. नवरा नव्हता. माझी तार डेपोतून कॅम्पावर गेली होती आणि कॅम्प हलला होता. डेपोच्या तेलुगू मुनशीने मला घरच्यांत ठेवून घेतलं. त्याची बायको भात वाढायची, मिरच्या वाढायची, आणि माझ्याकडे अशी बघायची जशी मी नदीत वाहून आलेली वस्तू. मी दिवसभर ओंडक्यांवर बसून राहायचे. मालक येईपर्यंत माल डेपोतच पडून राहतो.

आठवडा उलटल्यावर तो आला. काळा पडलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात लग्नात माझ्या माहेरून मिळालेली छत्री. इतक्या वर्षांनी बायको समोर बघून माणूस काय बोलेल? त्याने आधी माझ्या पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अपराधी तोंडाने म्हणाला, "कॅम्प बदलला. घरी कळवलं होतं मी."

म्हणजे ते पत्र या घटकेला मामाजींच्या हातात असणार. ती पोट्टी रडली. तेवढं तर ती करणारच होती.

"राहायला कुठी जाचं?" डोळे पुसून मी विचारलं.

"वरती, दोन दिवस नावेनं. बांबूचं घर बांधलं आहे. चांगलं आहे." मग तो जरा घुटमळला. "पण तुह्या व्हिशावर इथला पत्ता आहे. तू तर तिकडं राहणार. निघाच्या आधी कचेरीत जाऊन एक कागद..."

डेपोचा मुनशी ऐकत होता. त्याची बायको दारात. परक्या मुलखात नवऱ्याला चार लोकांसमोर पहिलं वाक्य काय बोलावं, हे मला सातवीपर्यंत कोणी शिकवलं नव्हतं.

"पेटी उचला जी," मी म्हणाले, "अन् चाला मुकाट्यानं."

त्याने उचलली.