ढोलकी नसलेली कॅसेट

श्रावणचा आवाज पहाडी आणि डोकं तिरपागडं. बोरी अरबच्या आमच्या गायन पार्टीचा तो गायक, मी ढोलकीवाला. एप्रिलातल्या जयंतीच्या दिवसांत आम्ही पार कळंब-महागावपर्यंत गात फिरायचो. म्हणून २००५ साली त्यानं स्वतःची कॅसेट काढायचं ठरवलं, तेव्हा मी ढोलकीला नवं कातडं चढवून घेतलं.

"तुही ढोलकी नाही पाहिजे मले," तो म्हणाला. "पेटीबी नाही."

"मंग काय तुह्यं डोस्कं टाकतं कॅसेटीत?"

तो राग मला अजून आहे. कॅसेटमध्ये होती कापसाच्या जिनिंगच्या यंत्राची घरघर आणि तिच्यावर सत्यभामाचं रडणं. सत्यभामा म्हणजे त्याची धाकटी बहीण. त्याच साली पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारता फवारता औषध चढून तिचा नवरा गेला होता. आमच्याकडच्या बायका नुसत्या रडत नाहीत, हेल काढून मेलेल्याचा सारा जन्म सांगतात. सत्यभामानं नवऱ्याच्या डब्यातली जवसाची चटणीसुद्धा सांगितली. श्रावणनं ते खिशातल्या टेपमध्ये भरून घेतलं, तिला न विचारता. जगानं हे ऐकलंच पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात.

नागपूरच्या एका पेपरानं लिहिलं, असं धाडस मराठी संगीतात झालं नाही. दुसऱ्यानं लिहिलं, याला संगीत म्हणणाऱ्यांनी कान तपासून घ्यावेत. गावात लोक भडकले. मौतीचं रडणं कोणी घरात वाजवतं का? विकत घेतलेल्या कॅसेटी त्यांनी श्रावणच्या ओट्यावर आणून टाकल्या. तांड्यावरच्या भुरीबाईनं तेवढी परत दिली नाही. "माह्या मानसासाठी मले रडताच नाही आलं तवा," ती म्हणाली. "हे माह्यंच रडणं हाये."

सत्यभामाला स्वतःचा आवाज बसस्टँडवरच्या पानठेल्यावर ऐकू आला. तशीच ती भावाच्या दारात आली.

"दादा, ते मी गेले त्यायले सांगत होती. तुले नाही."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. श्रावणनं उरलेल्या कॅसेटी चुलीत घातल्या, गाणं सोडलं. तिच्या घरावरून दिवसातून चारदा उगाच जायचा. ती एकदा दादा म्हणेल, याच आशेवर माणूस जगत होता.

दोन वर्षांनी त्यांची माय तानाबाई गेली. श्रावण माझा हात धरून म्हणाला, "आता सत्यभामा येईन. माह्या गळ्यात पडून रडन."

ती आली. लेक रडायला सुरुवात करेल म्हणून बाया थांबल्या. तिनं श्रावणला पाहिलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.

श्रावणला कळलं. सगळ्यांसमोर त्यानं शर्टाचा, पँटचा एकेक खिसा उलटा करून बाहेर काढला. "पाह्य, काहीच नाही माह्याजवळ. रड वं सत्यभामा. मायसाठी रड."

ती त्या लोंबत्या खिशांकडे बघत राहिली. पदर काही तोंडातून काढला नाही. त्रिशरण झालं, आणि तानाबाईला तसंच उचललं. तिचा जन्म कोणीच सांगितला नाही.