बारीक धार

आधी एक हलकंसं ‘टक्’, मग पंख्याची घरघर, मग ठिणगीची अधीर टिकटिक, आणि एका क्षणाच्या नि:शब्द विरामानंतर ‘भुप्प!’ काचेच्या इवल्याशा झरोक्यातून निळी ज्वाला डोकावते आणि भिंतीमागच्या नळ्यांमधून ऊब चालू लागते. तुम्ही म्हणाल, या बाईला ऐकायला दुसरं काही मिळालं नाही का? खरं सांगते, अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या हिमधवल, मूक सकाळी या आवाजाइतकं आश्वासक माझ्या कानांना दुसरं काहीच नव्हतं.

आमचं घर जुनं. गावात बहुतेक घरांच्या तळघरात गरम हवा फुंकणाऱ्या भट्ट्या, आमच्याकडे मात्र खोल्याखोल्यांतून गरम पाणी खेळवणारे लोखंडी रेडिएटर आणि कपडे धुण्याच्या खोलीत भिंतीवर टांगलेला हा पांढरा बॉयलर. खोल्या तापवायच्या त्यानंच आणि अंघोळीचं पाणीही त्यानंच द्यायचं. पाण्याची टाकी नाही, साठा नाही. जेव्हा मागाल तेव्हा, मागाल तेवढं तापवून देणार. त्यातही तोरा असा, की नळाला गरम पाणी मागितलं की खोल्या तापवणं तेवढ्यापुरतं बाजूला ठेवायचं. एका वेळी एकच काम! मी त्याचं नाव दादासाहेब ठेवलं होतं. माझा नवरा सुहास सोमवारी क्लायंटच्या गावी उडायचा आणि गुरुवारी परतायचा, त्यामुळे दादासाहेबांची बडदास्त माझ्याकडेच होती. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्याच्या खाली उतरला की खालची तोटी फिरवून पाणी भरायचं. रेडिएटर वरून गार राहिला की छोट्या किल्लीनं त्यातली कोंडलेली हवा सोडायची. आणि थंडीपूर्वी तंत्रज्ञाला बोलावून त्याची साफसफाई करून घ्यायची. हे सगळं मला आवडायचं. दिवसभर संगणकाच्या पडद्यावर अदृश्य गोष्टी दुरुस्त करणाऱ्या माणसाला हाताला लागणारी किल्ली किती सुख देते!

त्या शरदात आलेला तंत्रज्ञ मोठा गप्पिष्ट म्हातारा होता. जाता जाता नळाखाली बोट धरून तो म्हणाला, “नळ नीट सोडत जा. हा कुजबुज ऐकत नाही.” म्हणजे धार अगदी बारीक असली तर पाणी मागितलंय हे यंत्राला कळतच नाही, आणि ते पेटत नाही. मी मान डोलावली, वहीत टिपून ठेवलं, आणि विसरून गेले. आम्ही नळ धोधो सोडणारी माणसं, आमचा त्याच्याशी काय संबंध?

डिसेंबरात माझ्या सासूबाई आल्या, सहा महिन्यांसाठी. मनमाडच्या. जिथे नळाला पाणी येणं हा घरातला छोटासा उत्सव असतो, तिथे चाळीस वर्षं संसार केलेल्या. मी त्यांना आई म्हणते, पण तोवर ते नुसतं म्हणण्यापुरतंच होतं. लग्नानंतर आठ दिवसांत मी इकडे आले. आम्हा दोघींच्या वाट्याला एकमेकींची सवयच आली नव्हती. माझी स्वतःची आई मी कॉलेजात असतानाच गेली. त्यामुळे या सहा महिन्यांवर माझा फार जीव होता, आणि तो त्यांना दाखवायचा कसा, हे मला ठाऊक नव्हतं. मग मी काय केलं? पहिल्याच दिवशी, प्रवासानं शिणलेल्या त्या बाईंना घरभर फिरवून सूचना दिल्या! बॉयलरपुढे उभं राहून तर चांगलंच बजावलं, “आई, याला अजिबात हात लावू नका हं. बिघडला तर या थंडीत आपली पंचाईत होईल.” त्यांनी लगेच हात पदरात घेतले. ते मला तेव्हा दिसलं होतं, बरं का. दिसलं, पण उमगलं नाही.

त्या घरात इतक्या अलगद वावरायच्या, की दुसरं कुणी राहतंय असं वाटू नये. अंघोळीला सगळ्यात शेवटी जायच्या. टबात प्लास्टिकचं स्टूल, शेजारी बादली, आणि मनमाडहून आणलेला तांब्या. रोज सकाळी उठल्याउठल्या बादली भरून त्यांच्या खोलीतल्या रेडिएटरला टेकवून ठेवायच्या. मला वाटलं, पाणी भरून ठेवायची जुनी सवय! एकदा मी हसत, पण जरा वैतागूनच म्हटलं, “अहो आई, इथे चोवीस तास पाणी असतं. बादल्या कशाला भरता?” त्या नुसत्या हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून बादली ठेवली की खोलीचं दार लोटून घेऊ लागल्या. माणसाला आपलं चातुर्य किती आंधळं करतं पाहा!

जानेवारी लागला आणि त्यांनी हळूच विषय काढला. “सुहासला म्हणावं, तिकीट अलीकडचं मिळतं का बघ. मला ही थंडी नाही गं सोसत.” सहा महिन्यांसाठी आलेली बाई दीड महिन्यात परत! मी “बरं” म्हटलं. आतून मात्र काहीतरी तुटलं. थंडी हे निमित्त. यांना माझ्याकडे करमत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मला राग आला, त्यांचा आणि त्याहून जास्त माझा. जिच्यात आई सापडेल म्हणून मी वाट पाहिली, तिला माझ्यात सूनसुद्धा सापडू नये?

असं तोंड फुगवून मी दोन-तीन दिवस काढले. मग मंगळवारी इतका बर्फ पडला, की ऑफिसला जाणं कॅन्सल केलं. रेडिएटरांमधली हवा सोडायला बरा मुहूर्त म्हणून सकाळीच घर तापवणं बंद केलं, खोल्याखोल्यांतून किल्ली फिरवली आणि उतरलेल्या दाबासाठी पाणी भरायला बॉयलरपाशी येऊन उभी राहिले. भिंतीपलीकडे बाथरूम. आई अंघोळ करत होत्या. तांब्या बादलीला लागल्याचा आवाज येत होता, नळाची झिरझिर ऐकू येत होती. आणि दादासाहेब गप्प.

मी थबकले. बिघडला की काय? स्वयंपाकघरात धावले, गरम नळ पूर्ण सोडला. टक्, घरघर, टिकटिक, भुप्प! यंत्र ठणठणीत. नळ बंद करून परत आले. पलीकडे पाणी पडतंय, आणि इकडे ज्योत नाही. तिथे, हातात किल्ली घेऊन उभी असताना, म्हाताऱ्याचं ते वाक्य मला आठवलं: ‘हा कुजबुज ऐकत नाही.’

त्या बाहेर आल्या. मी त्यांचा हात हातात घेतला. इतका गार, की मी दचकलेच. “आई, तुम्ही गार पाण्यानं अंघोळ करता?”

“अगं, इतकं काही नाही,” त्या कसनुसं हसल्या. “रोज बादली त्या तापल्या लोखंडापाशी ठेवते, तर गारठा मोडतो जरा. आज ते लोखंडही गारच होतं.”

“पण नळाला गरम पाणी येतं ना!”

“तुम्हाला येतं. माझ्यापर्यंत येईस्तोवर संपत असेल, म्हटलं. मनमाडला आपला बंब नव्हता का? शेवटच्याला कोमटच मिळायचं. तुम्ही कामावर जाणारी माणसं, तुम्हाला नको का पुरायला?”

महिना उलटून गेला होता! इलिनॉयच्या हिवाळ्यात, करंगळीएवढीही नव्हे, दोऱ्याएवढी धार सोडून ही बाई गार पाणी अंगावर घेत होती; आणि थंडी सोसत नाही म्हणाली, तर मी रुसले होते. मला रडू आवरेना. “मला सांगितलं का नाही?” मी जवळजवळ ओरडलेच. त्या गोंधळून म्हणाल्या, “तू म्हणालीस ना, हात लावू नका. म्हटलं, नाजूक असेल.”

मी त्यांना ओढतच बाथरूममध्ये नेलं. “सोडा नळ. मोठा सोडा.” त्यांनी गरम नळाची मूठ जराशी फिरवली. “अजून.” “अगं, वाया जातंय!” “जाऊ द्या. अजून सोडा, आई.” आणि भिंतीपलीकडे टक् झालं. घरघर. टिकटिक. भुप्प! थोड्या वेळात वाफ आली, आणि धारेखाली धरलेला हात झटकन मागे घेत त्या म्हणाल्या, “अगंबाई!” मग पुन्हा हात पुढे केला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.

“आणि हे संपत नाही?”

“नाही संपत. कुणाच्याही वाट्याचं नाही संपत.”

त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा अंघोळ केली. डोक्यावरून! मी बॉयलरशेजारी फरशीवर बसून त्याची ती अखंड गुरगुर ऐकत होते, रडत होते आणि हसतही होते. जेवताना, केस मोकळे सोडून, ताटाकडे बघत त्या म्हणाल्या, “सुहासला सांग, तिकिटाची घाई नको करू.” मे महिन्यात परत गेल्या, ठरल्या वेळी.

त्यालाही आता वर्षं झाली. एवढं कळलं, की जगात बारीक धारेची माणसं असतात. त्यांनी आयुष्यभर स्वतःसाठी इतकंच मागितलेलं असतं, की समोरच्याला ते मागणं ऐकूच जात नाही. आणि काही मिळालं नाही, तर आपल्या आधी कुणाला तरी पुरलं असेल, असं समजून ती निमूट राहतात. यंत्राचा काय दोष? त्याची रचनाच तशी. पण मला तर कान होते!

रविवारी सकाळी मी मनमाडला फोन लावते. माझ्या हाताशी चहा असतो, भिंतीपलीकडे बॉयलर. “कशा आहात, आई?” “बरी आहे गं.” पूर्वी मी इथेच “चला, ठेवते” म्हणायचे. आता म्हणत नाही. गप्प राहते, वाट बघते. पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर. मग त्या म्हणतात, “गुडघा जरा धरलाय...” आणि मी म्हणते, “अजून सांगा, आई. अजून.”