एक्स्टेन्शनचे दोन दिवस

लान्स नाईक सुखदेव बोरसे मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी काश्मीर खोऱ्यात, रस्त्यावरच्या चार नंबरच्या मोरीजवळ मारला गेला. साल १९९७, महिना डिसेंबर. त्या सकाळी त्या मोरीवर ड्युटी माझी होती. मी तेव्हा सुट्टीवरून परतत होतो. गाडीने पठाणकोट सोडले होते. मला दोन दिवस उशीर झाला होता.

जे मी स्वतः पाहिले नाही, ते पाहणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना विचारून लिहिले आहे.

आमच्या कंपनीचे काम रस्ता उघडण्याचे होते. फौजेत त्याला आरओपी म्हणतात, रोड ओपनिंग पार्टी. सकाळी कॉन्व्हॉय निघण्याआधी सहा-सात जणांची तुकडी रस्त्याने पायी जाते. कडेची माती, विजेचे खांब, झाडांच्या बुंध्यांशी पडलेला कचरा आणि रस्त्याखालून पाणी जाणारी प्रत्येक मोरी तपासते. आमच्या वाट्याला अकरा किलोमीटर आणि नऊ मोऱ्या होत्या. रस्ता साफ असल्याचा निरोप गेल्याशिवाय एकही गाडी हलत नसे. आमच्या सेक्शनमध्ये पुढे चालणारे दोघे होते, मी आणि बोरसे. दिवसाआड पाळी.

त्यामुळे आम्हा दोघांना एकत्र सुट्टी मिळत नसे. एक परत आला, सीएचएमसमोर हजर झाला, की दुसऱ्याचे लीव्ह सर्टिफिकेट हातात पडायचे. सीएचएम म्हणजे कंपनी हवालदार मेजर. ड्युट्या आणि सुट्ट्यांचे रजिस्टर त्यांच्याकडे असे.

नोव्हेंबरमध्ये माझा नंबर लागला. मी नाशिकजवळच्या मखमलाबादचा. घरी झेंडू, शेवंती आणि भाजीपाला. बोरसे नांदगाव तालुक्यातला. दोघांचे स्टेशन एकच, मनमाड. तिथून नाशिक एका बाजूला, नांदगाव दुसऱ्या.

निघताना त्याने माझ्या हातात कापडी पिशवी दिली. आत आईसाठी शाल आणि दोन किलो अक्रोड.

"मनमाडला उतरला की आधी माझ्या घरी," तो म्हणाला. "पंचवीस किलोमीटर आहे फक्त. आईच्या हातची भाकर खा, मग जा तुझ्या नाशिकला."

"जातो."

"जातो नाही. आधी जा. आणि तिला तारीख सांग. मुलगी बघायचा रविवार ती तारखेवर ठरवणार आहे. मुलीकडचे दोनदा थांबलेत. तिसऱ्यांदा थांबायचे नाहीत."

मी सोमवारी संध्याकाळी कंपनीत परतायचे, त्याने मंगळवारच्या कॉन्व्हॉयने निघायचे, शुक्रवारी घरी पोहोचायचे. मुलगी बघणे त्यानंतरच्या रविवारी. असे ठरले होते.

मी रविवारी पहाटे मनमाडला उतरलो. थोरला भाऊ एकनाथ कोणाची तरी जीप घेऊन आला होता. सोबत चुलता, दोन भाचे आणि माझा शाळेतला मित्र दिलीप. दिलीपचा पंचवटीत फोटो स्टुडिओ होता. मी नांदगावचे बोललो. एकनाथ म्हणाला, "आता? घरी सगळे वाट बघत बसलेत. उद्या जाऊ की." जीप नाशिककडे वळली.

माझ्याकडे सव्वीस दिवस होते.

फौजीला घरी आल्यावर प्रत्येक जण एकाच दमात दोन प्रश्न विचारतो. कधी आला आणि कधी जाणार. पहिल्या आठवड्यात मी ते किती वेळा ऐकले याची गणती नाही. सोमवारी सिन्नरला मावशी. मंगळवारी नाशिकरोडला बहीण. बुधवारी इगतपुरीला मामा, ते रेल्वेत होते. मामींनी इंद्रायणीचा भात केला आणि निघताना पाच किलो तांदूळ बांधून दिला. गुरुवारी दिलीपने स्टुडिओत युनिफॉर्ममध्ये फोटो काढला आणि न विचारता बाहेरच्या काचेत लावला. त्यानंतर ओळखीचे आणि अनोळखी, सगळेच घरी यायला लागले. प्रत्येक घरी चहा. नाही म्हटले तर, "आता मोठा माणूस झाला बाबा."

मला बसवत नव्हते. पहाटे साडेचारला जाग यायची. कोणाकडे गेलो तरी दाराकडे तोंड करून बसायचो. दिलीपच्या मोटारसायकलवर मागे बसलो की रस्त्याकडेच्या मोऱ्या मोजायचो. मखमलाबाद ते पंचवटी चार. एकदा मी त्याला गाडी थांबवायला लावली, कारण एका मोरीच्या तोंडाशी नवी माती होती. पालिकेने पाण्याचा पाइप टाकला होता. दिलीपने ती गोष्ट पंधरा जणांना सांगितली.

घरी थांबलो की आई मळ्यात न्यायची. झेंडूची तोडणी सुरू होती. मी दहा मिनिटे फुले तोडायचो आणि कुठेतरी निघायचो. आई म्हणायची, "पायाला भिंगरी बांधून आलाय जसा. बस की जरा." तिचे वय तेव्हा अठ्ठावन्न होते. पहाटे पाचला मळ्यात असायची. तब्येतीची कसलीही तक्रार नव्हती.

नांदगावची पिशवी माळ्यावर होती. उद्या जाऊ असे मी रोज म्हणत होतो. शेवटी एकोणिसाव्या दिवशी, गुरुवारी गेलो.

बोरसेचे गाव नांदगावपासून आठ किलोमीटर. मी बसमधून उतरलो तेव्हा त्याची आई सगुणाबाई फाट्यावरच उभी होती. बारीक बाई, डोक्यावर पदर. तिने मला पिशवीवरून ओळखले. तशी पिशवी बोरसेने आधीच्या सुट्टीत आणली होती.

"काकड ना तू?"

"हो मावशी. उशीर झाला जरा."

"जरा?" शेजारची बाई हसली. "रोज या टायमाच्या गाडीला येऊन उभी राहते ही. अठरा दिस झाले."

"तू गप गं," सगुणाबाई म्हणाली. "चाल बाळा. भाकर खाय आधी."

मी जेवलो. तिने शाल उलगडली, परत घडी घातली. अक्रोड कसा फोडायचा ते विचारले. मी उंबऱ्यावर वरवंट्याने फोडून दाखवला. मग तारीख सांगितली. तिने बोटांवर दिवस मोजले.

"म्हंजी शुक्रवारी येतोय. नक्की ना?"

"मी सोमवारी पोहोचलो की तो मंगळवारी सुटला."

"मंग तू वेळेवर जाय बरं."

तिने तेव्हाच शेजाऱ्याला मुलीच्या गावी निरोप घेऊन पाठवले. मी चारच्या बसने परतलो.

घरी आलो तेव्हा ओसरीवर बैठक बसली होती. एकनाथच्या मुलीचे, वंदनाचे लग्न जमले होते. साखरपुडा माझ्या सुट्टीतच करायचा ठरला होता. पण नवरदेवाच्या मामाला रविवारशिवाय जमत नव्हते, आणि उरलेल्या एकाच रविवारी वाडीत दुसरे लग्न होते. म्हणून त्याच्या पुढचा रविवार धरला. माझी गाडी त्याच्या आधीच्या शुक्रवारी होती.

"दोन दिवस वाढवून घे," एकनाथ म्हणाला.

"नाही मिळत."

"मागून तर बघ. तू दोन दिवस नाही गेलास तर काय पाकिस्तान नाशकात येतोय?"

सगळे हसले. वंदना दाराआडून म्हणाली, "काका, तुम्ही नसाल तर मी नाही बसणार पाटावर." ती माझ्या अंगाखांद्यावर वाढली होती. मी तीन दिवस नाही म्हणत राहिलो.

सोमवारी सकाळी साडेदहाला दिलीपबरोबर तार ऑफिसला गेलो. फॉर्म हातात घेतला. कारण काय लिहावे हे सुचेना. पुतणीच्या साखरपुड्याला फौज सुट्टी वाढवत नाही.

"मदर सिरियस लिही," दिलीप म्हणाला. "सगळे फौजी तेच लिहितात."

हे खरे होते. आमच्या कंपनीतही आया वर्षातून एकदा सिरियस व्हायच्या. मी लिहिले: मदर सिरियस, रिक्वेस्ट टू डेज एक्स्टेन्शन. घरी मी एवढेच सांगितले की अर्ज केला आहे. आईला तारेतला मजकूर सांगितला नाही.

गुरुवारी उत्तर आले. दोन दिवस मंजूर.

तिकडे काय झाले ते मला नंतर सीएचएमनी सांगितले. तार मंगळवारी दुपारी कंपनीत आली. कंपनी कमांडर मेजर साहेबांनी विचारले, पुढचा कोण आहे. बोरसेला बोलावले. त्याचे लीव्ह सर्टिफिकेट टाइप होऊन तयार होते.

"काकडची आई सिरियस आहे. दोन दिवस मागतोय. तुझी सुट्टी पुढे जाईल. बोल."

"जाऊ द्या, साहेब."

"तुझं काही ठरलंय ना घरी?"

"पोरगी नंतरही बघता येईल, साहेब. आईचं तसं नाही."

सीएचएमनी सर्टिफिकेटवरचा मंगळवार पेनने खोडला आणि गुरुवार लिहिला. त्याच संध्याकाळी बोरसेने घरी पत्र टाकले.

रविवारी सकाळी साखरपुडा झाला. अडीचशे पाने उठली. मी वाढायला होतो. रात्री मनमाडला गाडी पकडली.

मंगळवारची आरओपी सहा वाजता निघाली. बोरसे सर्वांत पुढे, पाच जण मागे, पन्नास मीटरवर रेडिओ ऑपरेटर. थंडी होती, धुके साडेसातला उठले. पहिल्या तीन मोऱ्या साफ मिळाल्या. रेडिओवर बोरसेशी झालेले बोलणे ऑपरेटरने मला शब्दशः सांगितले.

आठ वाजून चार मिनिटे. "मोरी नंबर चार. चेक करतोय."

"रॉजर."

आठ वाजून सात मिनिटे. "दगड हललेत. थांबा."

आठ वाजून नऊ मिनिटे. "वायर आहे. सगळ्यांना मागे घ्या. कॉन्व्हॉय रोखा."

"रॉजर. तू पण मागे ये."

"येतोय."

पाच जण आणि ऑपरेटर शंभर मीटर मागे गेले. कॉन्व्हॉय कॅम्पच्या गेटवर थांबवला गेला. बोरसे मोरीच्या उतारावरून रस्त्यावर चढला होता, तेव्हा स्फोट झाला. आठ वाजून दहा मिनिटे. दुसरे कोणी जखमी झाले नाही. थांबवलेल्या कॉन्व्हॉयमध्ये अठरा गाड्या होत्या. मूळ तारखेप्रमाणे बोरसे त्यांतल्या एकीत सुट्टीवर निघालेला असता.

मी बुधवारी संध्याकाळी सहाला कंपनीत हजर झालो. सीएचएम ऑफिसबाहेर उभे होते.

"काकड, आई कशी आहे?"

"ठीक आहे."

"चांगलं झालं." मग त्यांनी मला आत नेले आणि सांगितले. तोवर बोरसेला श्रीनगरहून विमानाने पाठवले होते.

गुरुवारी सकाळी मी मेजर साहेबांसमोर गेलो. आई आजारी नव्हती हे सांगितले. त्यांनी समोरचा कागद बाजूला सारला.

"अजून कुणाला सांगितलंस?"

"नाही, साहेब."

"उद्याची आरओपी कुणाची?"

"माझी, साहेब."

"मग जा. तयारी कर."

शुक्रवारी मी ती मोरी ओलांडली. इंजिनिअर्सनी खड्डा भरून वर खडी टाकली होती. त्याच दुपारी साडेतीनला बोरसे त्याच्या गावी पोहोचला. सगुणाबाईला मी शुक्रवारच सांगितला होता.

तिला पत्र लिहायला मी चार वेळा बसलो. पाठवले एकही नाही.

फेब्रुवारीत आईचे पत्र आले. आईला लिहिता येत नाही, ती सांगते आणि एकनाथ लिहितो. त्यात पुढील मजकूर होता.

सव्वा महिना झाल्यावर सगुणाबाई एकटी बसने नाशिकला आली. विचारत विचारत मखमलाबादला पोहोचली. दुपारचे बारा वाजले होते. आई मळ्यात शेवंती तोडत होती. सगुणाबाई बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, "काकडच्या आईला भेटायचं व्हतं. लय आजारी हे म्हने."

आई म्हणाली, "मीच की. मला काय धाड भरलीय?"

सगुणाबाईने कनवटीतून पत्र काढले. बोरसेचे शेवटचे. अंत्यविधीनंतर पाचव्या दिवशी ते तिला मिळाले होते. एकनाथही मळ्यातच होता, त्याने ते बांधावर वाचले. दोन दिवस उशीर होईल, मुलीकडच्यांना सांग. काकडची आई आजारी आहे. जमलं तर नाशिकला जाऊन तिला भेटून ये. रिकाम्या हाताने जाऊ नको.

 सगुणाबाईने पत्र परत घेतले, घडी केली आणि कनवटीला लावले. "बऱ्या हे ना तुम्ही? मंग झालं," ती म्हणाली. आईने तिला घरी नेले. तिने चहा घेतला, जेवली नाही. मी केव्हा येणार हे विचारले नाही. दोनच्या बसने गेली.

जाताना तिने पिशवीतून मोसंबी काढून आईच्या ओटीत घातली. आईने परत द्यायचा प्रयत्न केला. तिने घेतली नाहीत. सहा मोसंबी होती.