अढीच्या खोलीतली झोप

मे महिन्यात आमच्या घरी माणसं नुसती येतच राहतात. यंदा लेक मुलांना घेऊन मुंबईहून आली, जावई मागून आला, आणि त्यात मुलाचे मित्र बायकामुलांसकट आरे-वारेचा समुद्र बघायला आमच्याकडे उतरले. समुद्र एका संध्याकाळी बघून होतो. जेवणं मात्र संपेचनात.

मला दुपारी झोप लागते. वय झालं. पण घर पाहुण्यांनी भरलेलं असताना बाईमाणसाने दिवसा आडवं व्हायचं, हे आमच्यात नाही. म्हणून यंदा अढी मी माझ्याकडे घेतली. मागच्या काळोख्या खोलीत पेंढ्यावर कच्चे आंबे मांडून वर पुन्हा पेंढा घालतात, ती अढी. रोज पेंढा उचलून बघावं लागतं. पिकलेला वेगळा काढायचा, नासका लगेच बाहेर टाकायचा, नाहीतर तो शेजारच्यांना नासवतो. "अढीत कुणी हात घालायचा नाही, मी बघते," असं मी सगळ्यांना बजावलं. जेवणं आटोपली की आत जायचे, दार ओढून घ्यायचे आणि पोती अंथरून पडायचे. आत गार असतं. आंबे उद्या बघू म्हणायचे. पुढे पुढे वास जरा आंबूस यायला लागला, तर मी कूस बदलली.

एवढ्यावर राहिलं असतं तर ठीक होतं. सुनेचं माहेर वेळणेश्वरला. दर मे महिन्यात ती चार दिवस जाऊन येते. यंदा तिने विचारलं तेव्हा मी कमरेवर हात ठेवला.

"जा गो, मी कुठे नको म्हणते? पण माझी कंबर धरलीय. आणि लेक माहेरपणाला आलीय, तिला का चुलीपुढे बसवू?"

"राहू दे मग, आई," ती म्हणाली. तेच तिने फोनवर आपल्या आईला सांगितलं. मी ऐकत होते. कंबर धरलेली नव्हती. ती गेली तर माझी दुपार जाणार होती, एवढंच.

मग एका दुपारी विहीणबाई स्वतःच आल्या. लेक येत नाही तर आपण तिला भेटू, आजारी विहिणीलाही बघू, म्हणून फेरीबोटीने खाडी ओलांडून, एसटीचे धक्के खात. सून मागीलदारी भांडी घासत होती. ती म्हणाली, "आई अढी बघतायत." तर या बाई मला हातभार लावायला म्हणून तशाच आत आल्या.

मी तोंड उघडं टाकून घोरत होते.

"काय हो विहीणबाई, आंबे पिकतायत की तुम्ही?"

मी ताडकन उठून बसले. कंबर धरलेली बाई तशी उठत नाही. ते त्यांनी बघितलं. माझ्यासाठी चोळायचं तेल आणलं होतं, ती बाटली त्यांनी हळूच पदराआड केली. बोलण्यापेक्षा मला त्या बाटलीची लाज वाटली.

"जरा डोळा लागला," मी म्हटलं.

"लागू दे की. नुसतं सांगितलं असतंत तर मी आले असते भाकऱ्या थापायला." मग म्हणाल्या, "पोरगी वाळलीय माझी."

विहिणीला रिकाम्या हाताने धाडत नाहीत, म्हणून आंबे काढायला मी पेंढा उचलला. अख्खी रांग काळी पडली होती. बोट लावावं तर आत जायचं. त्या शेजारी बसल्या आणि माझ्याबरोबर चांगले वेचायला लागल्या. एक पिशवी जेमतेम भरली.

मी मागीलदारी गेले. सुनेला म्हटलं, "उठ. कपडे भर आणि आईबरोबर जा."

"आणि तुमची कंबर?"

विहीणबाई दारात उभ्या होत्या. त्या काही सांगणार नव्हत्या, हे मला दिसत होतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं.

"कमरेला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "दुपारची झोप मिळावी म्हणून तुला अडकवलं."

तिने हातातलं ताट विसळून पालथं घातलं. "ठाऊक होतं मला. तुमचं घोरणं पडवीपर्यंत येतं. मुलं हसायची, मी त्यांना गप्प करायचे. पण आईला फोनवर काय सांगू? सासू खोटं बोलते म्हणून?"

ती गेली. रात्रीच्या भाकऱ्या मी थापल्या. लेक कुरकुरत कांदा चिरायला बसली. मुलाचे मित्र आपापली ताटं घासून गेले. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं इतके दिवस.

दुसऱ्या दुपारी मी पडवीत सगळ्यांदेखत चटई टाकली आणि झोपले. माणसं पाय आवरून बाजूने जात होती. कुणी काही म्हटलं नाही. हे पहिल्या दिवशीच जमलं असतं.