खालून येणारा आवाज

मेस्त्रीने आमच्या जीपच्या पोटाखालची जुनी स्किड प्लेट काढून गॅरेजच्या भिंतीला टेकवली. दगडधोंड्यांपासून इंजिन वाचवणारा हा जाड पत्रा मी पहिल्यांदाच नीट पाहिला. जागोजागी पोचे, लांबच लांब ओरखडे. डोंगरातल्या वाटांवर खालून खाडकन आवाज आला की नवरा म्हणायचा, "काही नाही, जरासं घासलं." ते जरासं हे एवढं होतं.

घरातही असे आवाज होतात. स्वयंपाकघरात एखादं भांडं जरा जोरात आदळतं, आणि बाहेरच्या खोलीत पेपरचं पान उलटतं.

दसऱ्याला हार मात्र दरवर्षी बॉनेटला!

मी पर्समधली कुंकवाची डबी काढली आणि नव्या प्लेटला बोट लावलं. मेस्त्री हसला. "वहिनी, तिथलं कुंकू कुणाला दिसणार?"

"नाही दिसलं तरी असेल ना ते," मी म्हटलं.

शेजारी उभा असलेला नवरा वाकून भिंतीजवळच्या जुन्या प्लेटच्या ओरखड्यांवरून बोट फिरवू लागला.

पुढच्या रविवारी कच्च्या वाटेवर पहिला दगड लागला. "काही ना..." म्हणता म्हणता तो थांबला. गाडीही थांबवली, आणि माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "लागलं का गं?"